एनिड पर्डनची प्रतवारी

सफरचंदांच्या बागांनी भरलेल्या ह्युऑन खोऱ्यात कुणालाही विचारा, कसं काय? उत्तर ठरलेलं, "तक्रार नाही." कुऱ्हाड पायावर पडली तरी तक्रार नाही! एनिड पर्डन याच खोऱ्यातली. एकतीस वर्षं सफरचंदांची प्रतवारी करणारी, आणि त्यातली अकरा वर्षं मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार अंगावर वागवणारी.

नर्स लॉरेल वर्षातून एकदा तिचं जगणं कसं चाललंय ते मोजायचा कागद आणी. चालणं, थकवा, झोप यांचा गेल्या महिन्यात किती त्रास झाला? त्रास नसेल तर एक, फार असेल तर पाच. दर आठवड्याला घरी येणारी व्यायामवाली पुढे येणार की नाही, ते त्या बेरजेवर ठरे. त्या व्यायामाच्याच जोरावर तर एनिड अजून प्रतवारीच्या शेडपर्यंत चालत जाई.

एनिडने झोकात सगळीकडे एक लिहिला.

लॉरेलने कागद पाहिला. "एनिड, तू तर माझ्याहून ठणठणीत! व्यायाम बंद करायला सांगते."

"बंद कसा?"

"मग खरं सांग. काल अंघोळीनंतर काय केलंस?"

"आडवी झाले होते जराशी."

"जराशी? दोन तास!" चहा ओतता ओतता नवरा क्लाइव्ह म्हणाला. "वर मला सांगते, विचार करतेय."

"तू गप रे, चोंबड्या!"

लॉरेलने टोपलीतलं एक सफरचंद उचलून फिरवलं. मागे अंगठ्याएवढा डाग. "हे पहिल्या प्रतीच्या पेटीत घालशील?"

एनिड भडकलीच. "डागी फळ? माझ्या हातून? एकदाही नाही!"

"मग हा कागद कुणी भरला?"

एनिडने चष्मा पुसला, कोरा कागद मागून घेतला आणि शेडमधल्या फिरत्या पट्ट्यावरची फळं निवडावीत तशी झरझर सुटली. थकवा, पाच. चालणं, चार. झोप, तीन. लोकांत मिसळायला अडचण?

"तिथंही पाच ठोक," क्लाइव्ह म्हणाला. "म्हणजे व्यायामवाली पक्की."

"का म्हणून? शनिवारी क्लबात बोलिंग खेळताना माझ्या बडबडीने तुझा नेम चुकला ना? चांगल्या फळाला डागी म्हणणं हीसुद्धा लबाडीच. एक!"

लॉरेलने बेरीज केली. व्यायामवाली कायम. दारातून तिने सवयीने विचारलं, "बाकी कशी आहेस?"

"तक्रार..." एनिड थांबली. "पायांची आहे. जिभेची नाही."

"जिभेची आमची आहे," आतून क्लाइव्ह ओरडला.