जपानी काट्यावरची लाल रेघ

जुलैचा रविवार. बेटावरच्या रोझ बेल गावावर पहाटेपासून भुरभुर पाऊस धरून होता. धड पडत नाही, धड थांबत नाही, असला. तुलसीरामच्या गॅरेजचे पत्रे टिपटिप गळत होते आणि तो एका टॅक्सीच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसून ब्रेक उघडत होता.

स्वस्थ बसणं तुलसीरामला जन्मात जमलं नाही. जेवताना रस्त्यावरून लॉरी गेली की घास हातात तसाच. "हिचा व्हॉल्व्ह वाजतोय," म्हणायचा, आणि ताटातला भात निवायचा. हे वेड साखर कारखान्याच्या वर्कशॉपात लागलेलं. विशीत असताना त्याच्यादेखत एका ड्रायव्हरनं लॉरीचं इंजिन उगाच पिळलं. आतला पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड तुटला आणि इंजिनाचा ब्लॉक फोडून तुलसीरामच्या कानाजवळून गेला. तो तुकडा आता त्याच्या गॅरेजच्या दाराला अटकाव म्हणून पडलेला असे.

ब्रेकचा ड्रम काढण्याआधी खूण करावी म्हणून त्यानं लाल रंगाचा डबा घेतला. झाकण हलेना. डबा कोरा होता, उघडलेलाच नव्हता.

मेव्हण्याच्या मीटरवर रेघ ओढायला म्हणून आणलेला तो; म्हणजे ती रेघ ओढलीच नव्हती.

बहिणीचा नवरा यशपाल रोझ हिलला राहायचा, पोर्ट लुईच्या सरकारी कचेरीत होता. त्याच्या जुन्या विलायती स्पोर्ट्स गाडीचं इंजिन तुलसीरामनंच बांधून दिलेलं. आरपीएमचा, इंजिनाचे मिनिटाचे फेरे मोजणारा, मीटर नव्हता, म्हणून भंगारातल्या जपानी गाडीचा काढून बसवला. त्यावरची लाल रेघ सात हजारांवर. ती त्या जपानी इंजिनाची. हे विलायती इंजिन लांब स्ट्रोकचं, पिस्टन लांबवर पळणारं; साडेपाच हजारांच्या वर न्यायचं नाही. "रेघ बदलतो," असं स्वतःशी शंभरदा घोकून ते राहूनच गेलं होतं. आणि यशपाल आज ऊसमळ्याच्या रस्त्यावर डोंगरचढीच्या शर्यतीत उतरणार होता.

तुलसीरामनं मोपेड काढली. रंगाचा डबा मात्र घाईत तिथंच राहिला.

"आयो, बोफ्रेर!" घाटाच्या पायथ्याशी गाडी पुसता पुसता यशपालनं बेटाच्या बोलीत मेव्हण्याला हाक दिली. "मेव्हण्याला बघायला आलास व्हय?"

"सातावर जाऊ नकोस. साडेपाचाला गियर बदल."

"मीटर तर सात म्हणतोय. तू काय गाडी शाळेत न्यायला बांधलीस?"

"मीटर दुसऱ्याचा हाय रं!"

"तो पेर?" यशपाल त्याच बोलीत म्हणून हसला. "भ्यालास?"

तुलसीरामनं बॉनेट उघडलं. त्यानं एक स्पार्क प्लग काढला, भोकात सायकलची तार सोडली आणि हँडलनं इंजिन हळूहळू फिरवलं. तार वर चढत गेली. "बघ. चार बोटांहून जास्त. त्या जपानी गाडीत तीन बोटं भरत न्हाईत. एका फेऱ्यात तुझ्या पिस्टनला जास्त पळायचंय. टोकाला पोचला की थांबायचं, उलटं फिरायचं. तो झटका रॉड खातो. तुटला तर घाटाच्या वळणावर तुटंल."

यशपाल तारेकडे बघत राहिला, पण हसणं सोडेना. "लोक सातावर नेतात."

"न्हेऊ दे लोकांना." हे तुलसीरामची बहीण देवकी म्हणाली. मघापासून ती पोराला कडेवर घेऊन उभी होती. "दादा, काळी टेप हाय?"

तुलसीरामच्या खिशात होती. देवकीनं पोर त्याच्याकडे दिलं आणि स्वतः गाडीत बसली. जुन्या लाल रेघेवर टेप चिकटवली, पर्समधून नखांचा लाल रंग काढला आणि मीटरच्या काचेवर साडेपाचाला जाड रेघ ओढली.

"हितनं पुढं गेलास तर घरी जेवण न्हाई," नवऱ्याला म्हणाली.

तुलसीराम वरच्या वळणाशी जाऊन उभा राहिला. धुक्यात गाडी दिसेना, नुसता आवाज. पहिला गियर, दुसरा. आवाज चढला, चढत गेला. त्यानं मुठी आवळल्या. सोड, बाबा, सोड. दाढेखाली खडा आल्यासारखा आवाज क्षणभर तिथंच अडला. मग एकदम खाली आला: तिसरा. गाडी समोरून निघून गेली तरी तुलसीराम आवाजाकडे कान लावून उभा होता.

यशपाल तिसरा आला. "पाचशे फेरे जास्त दिले असते तर कप होता," तो कुरकुरला. "तुझ्या बहिणीच्या नखांनी घालवला."

तुलसीरामनं ऑइलची काडी उपसली. काळं ऑइल बोटांवर चोळून उजेडाकडे धरलं. झिजलेल्या धातूची चमक नाही. पुन्हा चोळलं. तरी नाही. हात पुसला, देवकीच्या डोक्यावर नुसता ठेवला आणि मोपेडला किक मारली.

गॅरेजचं दार वाऱ्यानं अर्धं लोटलेलं होतं. ते उघडून त्यानं तो लोखंडी तुकडा पायानं खाली सारला आणि टॅक्सीच्या चाकाशी बसून लाल डब्याच्या झाकणात स्क्रूड्रायव्हर घातला.