बर्फातल्या केळीचा मालक

अमेरिकेत येऊन माणसं वाया गेलेली मी पुष्कळ पाहिली आहेत. कोणी शेअर बाजाराच्या नादाने गेला, कोणी कॅसिनोच्या, कोणी पंचेचाळिसाव्या वर्षी गिटार शिकायला लागला. पण धडधाकट, पगारदार आणि डोक्याने हुशार असूनही अख्खी उमेद थंडीशी भांडण्यात घालवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा निघाला. भाजी निवडून घेता येते, भागीदार निवडून घेता येतो, बायकोसुद्धा थोडीफार निवडता येते. साडू मात्र जो पदरात पडेल तो.

मी मूळचा जळगावकडचा. वडील केळीच्या वखारीत हमाल होते आणि मी शाळा सुटली की तिथे घड उतरवायला जायचो. त्यामुळे केळ ही काय चीज आहे हे मला कोणी शिकवू नये. तिला ऊन लागतं, पाणी लागतं, ती घड देते, आणि घड कापला की तिला आडवी करायची. अमेरिकेत आल्यावर मी आधी दुसऱ्याच्या पेट्रोल पंपावर उभा राहिलो, मग दुसऱ्याच्या दुकानात, आणि दहा वर्षांनी डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये स्वतःच्या किराणा दुकानात. डेट्रॉइटच्या घाऊक बाजारात माझी व्हॅन दिसली की व्यापारी भाव सांगण्याआधीच सुस्कारा सोडतात. अशा माणसाला साडू मिळाला तो कसा, तर जे फळ मी खोक्यांनी विकतो त्याचं झाड मिशिगनच्या बर्फात लावणारा. बरं, त्याला फळ तरी येतं म्हणावं, तर तेही नाही. ही शोभेची, थंडी सोसणारी जात. सात वर्षांत त्या केळींनी एक फणी दिली नाही.

२००१ साली त्याने ट्रॉयमध्ये घर घेतलं. त्याचा सौदा मी केला होता. चार तास त्या घरमालकाशी बोलून भाव तर उतरवलाच, शिवाय गवत कापायचं नवंकोरं मशीन त्याच भावात ठेवून घेतलं. साडूने पहिल्या महिन्यात काय केलं, तर मागचं सगळं लॉन उपटून टाकलं आणि मशीन शेजाऱ्याला देऊन टाकलं. फुकट. मला ते तीन आठवड्यांनी कळलं, तेही शेजारी ते चालवताना दिसला म्हणून.

मग तिथे जंगल उभं राहिलं. ऑगस्टमध्ये जाल तर घराच्या मागच्या दारातून बाहेर पडायला वाट नसायची. माणसाच्या दुप्पट उंचीच्या केळी, तांबड्या पानांची कर्दळ, बांबू, पाम, आणि परातीएवढ्या पानांचं अळू. आमच्याकडे उकिरड्यावर कोणी न विचारता उगवतो तो एरंड, त्याचं बी याने पैसे देऊन मागवलं, स्वयंपाकघरात विजेच्या गरम गादीवर रुजवलं आणि मेमध्ये वाजतगाजत बाहेर नेऊन लावलं. लोक म्हणायचे, बिचाऱ्याला कोकणची आठवण येत असेल. कसलं कोकण? हा नागपूरचा. कोकण त्याने कॉलेजच्या सहलीत दोन दिवस पाहिलं, आणि त्यातला एक दिवस पोट बिघडून खोलीवर काढला. मी एकदा सरळ विचारलं, हे सगळं कशासाठी? तर म्हणाला, "भाऊ, पान बघा ना केवढं आहे." हे काय कारण झालं?

त्याच्याकडे जेवायला गेलेल्या माणसाला आधी बाग बघावी लागे. वरण निवलं तरी चालेल, पण नवा कोंब पाहिल्याशिवाय पान वाढलं जात नसे. व्हर्जिनियातल्या हर्नडनहून कामासाठी आलेला एक पुण्याचा मुलगा, जेमतेम ओळखीचा, त्याला याने एका कोंबासमोर वाकवून इतका वेळ उभा केला की तो पाठ धरूनच जेवायला बसला. पुन्हा बोलावलं तेव्हा, "यार, मीटिंग आहे," म्हणाला. रविवारी.

अळूचं प्रकरण तर आमच्या मंडळात अजून निघतं. गणपतीला त्याच्याकडे तीस माणसं होती आणि माझ्या बायकोच्या मनात आलं, एवढी पानं आहेत तर अळूवड्या करू. साडू म्हणाला, ताई, ते शोभेचं अळू आहे, खायचं नाही. मला वाटलं, पान तोडायला जिवावर येतंय. तो खुर्च्या आणायला गेला तेवढ्यात मीच बारा पानं कापली. वड्या दिसायला अशा झाल्या की फोटो काढले. पुढच्या पाच मिनिटांत तीसच्या तीस माणसांचे घसे असे खवखवायला लागले की आरतीला आवाज फक्त कॅसेटचा होता. साडू चिंचेचं पाणी घेऊन एकेकापाशी गेला आणि पानात सुईसारखे स्फटिक कसे असतात हे, ज्यांना बोलता येत नव्हतं त्यांना, शांतपणे समजावत राहिला. मला मात्र "मी सांगितलं होतं," असं तो एकदाही म्हणाला नाही. ते जास्त झोंबलं. खाता न येणारं अळू लावणाऱ्याची चूक की ते कापणाऱ्याची, हे वाचकांनी ठरवावं. मी केव्हाच ठरवलं आहे.

खरा तमाशा ऑक्टोबरात. जगात इतर लोक झाडांवरून पानं पडली की ती पिशव्यांत भरून रस्त्याच्या कडेला ठेवतात. हा गाडी घेऊन त्या पिशव्या गोळा करत फिरायचा. मोटारीच्या हीटरचं डिझाइन करणारा सीनियर इंजिनियर, आणि लोकांचा पाचोळा पळवतो. कर्दळीचे आणि अळूचे कंद बेसमेंटमध्ये जायचे. केळी कमरेइतक्या छाटून त्यांच्याभोवती जाळीचा पिंजरा करायचा, आत पाचोळा दाबून भरायचा, आणि पामला तर आधी ख्रिसमसच्या दिव्यांची माळ गुंडाळायची, म्हणजे ऊब राहते, आणि वरून मेहुणीच्या जुन्या सुती साड्या. बर्फ पडायला लागला की मागच्या अंगणात साड्या नेसलेले, आतून उजळलेले खांब. शेजारचा म्हातारा अमेरिकन, मशीन मिळालेला तोच, एकदा टोपी काढून कुंपणापाशी उभा राहिला आणि अदबीने विचारता झाला की हे तुमचे देव का. मेहुणी मला म्हणाली, "भाऊजी, नाही म्हणायची मला लाज वाटली. मी हो म्हणाले."

प्रत्येक खांबात तापमान मोजायचं यंत्र होतं आणि त्याची घंटी साडूच्या खिशात. मी दुकान मोठं केलं तेव्हा पूजा ठेवली होती. माझ्या आयुष्यातला तो मोठा दिवस. आरती सुरू झाली आणि याचा खिसा वाजला. हा तबक माझ्या हातात देऊन निघाला. दीड तासाने परत आला तेव्हा प्रसादही संपला होता आणि याच्या झब्ब्याला चिखल. आतली माळ बंद पडली होती म्हणे, बल्ब बदलून आलो. माझ्या दुकानापेक्षा त्याला बल्ब मोठा. हे मी विसरलेलो नाही.

२००७ च्या शेवटी त्याची नोकरी गेली. आमच्या भागात त्या वर्षी पुष्कळांच्या गेल्या. त्याला दुसरी मिळाली ती थेट टेक्ससमध्ये, शुगर लँडला, आणि मार्चमध्ये हजर व्हायचं होतं. घर विकणं आलं. पण तेव्हा ट्रॉयमध्ये दर तिसऱ्या घरासमोर 'फॉर सेल'ची पाटी, आणि घेणारा कोणी नाही. विकलं गेलं नाही तर हा तिकडे भाड्याच्या खोलीत, मेहुणी आणि पोरगी इकडे, आणि असं किती महिने, की किती वर्षं, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. एजंट होती, पण नावाला. मी सूत्रं हातात घेतली. म्हटलं, घर आत्ताच दाखवायचं, जानेवारीत. बर्फाखाली जंगल दिसत नाही. खांबांवर हिरवी ताडपत्री टाकायची आणि कोणी विचारलं तर बागेचं सामान म्हणायचं.

गिऱ्हाईक मीच शोधलं. तरुण जोडपं, पहिलं घर, त्यात बायको गरोदर. अशा गिऱ्हाइकाला घाई असते. त्यांना स्वयंपाकघर आवडलं, बेसमेंट आवडलं. नवऱ्याने खिडकीतून मागे बघत विचारलं, मुलांसाठी झोपाळा बसेल ना? मी म्हटलं, दोन बसतील. तेवढ्यात साडू एक फाइल घेऊन आला. सतरा पानं, रंगीत फोटोंसकट. कोणती केळ केव्हा झाकायची, कोणती केव्हा उघडायची. मग त्याने त्या पोराला बूट घालायला लावून बर्फात नेलं आणि त्याचा हात धरून पाचोळ्यात घातला, आतली ऊब बघायला. त्याची गरोदर बायको खिडकीत उभी राहून घड्याळ बघत होती. दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला की त्यांनी दुसरं घर पाहिलं.

मी तडक त्याच्याकडे गेलो. "तू घर विकतोयस का मुलीला स्थळ बघतोयस?"

तो म्हणाला, "भाऊ, कोणी सांगितलं नाही तर ते एप्रिलमध्ये झाकण काढणार नाहीत. आत कुजून जाईल सगळं."

"जाऊ दे कुजून."

मी तीन आठवडे त्याच्याशी बोललो नाही. माझ्या रागाची ही पद्धत आहे, आणि ती आजवर कोणाला परवडलेली नाही.

मग एका दुपारी मेहुणी दुकानात आली. काही घ्यायला आली नव्हती. डाळींच्या रांगेत उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊजी, मला तो तिकडे एकटा नकोय. त्याला स्वतःचं जेवण सुचत नाही. कोणीही आणा. लॉन लावणारा आणा, सिमेंट ओतणारा आणा."

सिमेंट ओतणारा मी आणला. पन्नाशीचा माणूस, छपरांची कामं घ्यायचा, त्याच्याकडे मासेमारीची मोठी बोट होती आणि ती उभी करायला त्याला मागचं अंगण पक्कं करून हवं होतं. त्या सकाळी मी साडूला बाजूला घेऊन बजावलं की आज तोंड उघडायचं नाही. एखादी केळ हवी तर माझ्या गॅरेजमध्ये आणून ठेव, असंही म्हटलं. तो म्हणाला, "जमीन गोठलीय, आता निघणार नाही. आणि तुम्ही मारून टाकाल तिला, भाऊ." ते खरं होतं, पण बोलायची गरज नव्हती.

माणसाने सगळं घर पाहिलं, मागच्या दारात आला आणि ताडपत्रीकडे बोट करून विचारलं, ते काय आहे. मी तोंड उघडणार तोच साडू बोलला. "जस्ट सम ओल्ड प्लांट्स," म्हणाला. "यू कॅन थ्रो देम."

त्यानंतर मी जो सौदा केला तसा त्या वर्षी अख्ख्या गावात कोणी केला नसेल. आम्ही मागितलेल्या किमतीतून त्याला फार उतरू दिलं नाही आणि सगळं पंधरा दिवसांत मिटवायचं कबूल करून घेतलं. माणूस गेल्यावर मी शाबासकीची वाट बघत बैठकीत बसलो. कोणी येईना, म्हणून मागे जाऊन पाहिलं. साडू कोट न घालता अंगणात उभा होता, एका खांबात कोपरापर्यंत हात घालून. मग खाली वाकून त्याने प्लग काढला. वायर कोपराभोवती नीट गुंडाळली, गाठ मारली, आणि दुसऱ्या खांबाकडे गेला. मी हाक मारली नाही. घरी येऊन जेवलोही नाही. राग आला होता, फक्त तो कोणावर, हे नीट ठरेना.

आता दर रविवारी शुगर लँडहून फोन येतो. मला वाटलं होतं, तिथे हा सुखात असेल. जे इथे साड्या नेसवून जगवलं ते तिथे नाल्याच्या कडेला आपोआप उगवतं. मेमध्ये मीच विचारलं, काय लावलंस? म्हणाला, "काय लावायचं, भाऊ? लावलं की येतंच ते." मेहुणी माझ्या बायकोला सांगते की तो हल्ली एसीमध्ये बसून टीव्ही बघतो, पोट सुटलंय, आणि मागे लॉन आहे. लॉन. माळी येऊन कापून जातो.

परवाच्या रविवारी फोन आला तेव्हा दुकानात मिशिगनच्या सफरचंदांची खोकी उतरत होती. तो हवापाणी विचारत होता, मी सांगत होतो. बोलता बोलता मी म्हटलं, बाकी सगळं बरंय तुझ्याकडे, पण तिकडे सफरचंद काही लागत नाही म्हणतात. त्या झाडाला हिवाळाभर थंडी लागते, त्याशिवाय ते फुलतच नाही. ती तिकडे कुठून आणणार?

पलीकडे शांतता. चाळीस वर्षं माल विकतोय मी, ही शांतता मला ओळखू येते.

"थंडी म्हणजे," साडू म्हणाला, "नक्की किती तास, भाऊ?"

मी म्हटलं, मला काय माहीत, आणि कितीही असोत, तुला जमणार नाही. तो हसला, आणि लगेच फोन ठेवतो म्हणाला, काहीतरी बघायचं होतं त्याला. इथे थंडी आता जोरात पडायला लागलीय. सगळीकडे नुसती पडून आहे, कोणाच्या उपयोगाची नाही. खोक्यात भरून पाठवता आली असती, तर त्याला भाव न करता पाठवली असती.