अक्काचा नारळ आणि दाजींचा ट्रक

माझ्या अक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, फौजेतून निवृत्त होऊन रहिमतपूरजवळच्या गावी परतले ते एक निकामी गुडघा आणि एक खेळण्यातला ट्रक घेऊन. शांतिसेनेबरोबर परदेशात असताना तिथल्या कुणा गोऱ्या जवानाने तो दिलेला. हातभर लांब, रिमोटवर पळणारा. पण सेलवर नव्हे, आत अंगठ्याएवढं खरंखुरं इंजिन. त्याला पेट्रोल चालत नसे, नायट्रोचं खास इंधन लागे. पुण्यात विमानांची मॉडेलं उडवणारे एक गृहस्थ ते कॅनमधून द्यायचे.

दाजींना ढेकळांतून चालता येत नव्हतं. ते बांधावर खुर्ची टाकत आणि ट्रक नांगरलेल्या रानात सोडत. तो उड्या मारत विहिरीपर्यंत जाऊन परत येई. "मला जाता येत न्हाई तिथं ह्यो जातोय," म्हणत आणि हसत. दिवसभरात तेवढंच हसत.

बघ्यांना काय तोटा? ज्यांना सायकलची उतरलेली चेन बसवता येत नव्हती, ते इंजिनावर बोलायचे. एक म्हणे रॉकेल घाला, दुसरा म्हणे एरंडेल. मी साताऱ्याला एमआयडीसीत लेथवर कामाला. मशीन कशाशी खातात हे त्या अख्ख्या गावात एकट्या मलाच कळतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

ट्रकचा पुढचा प्लॅस्टिकचा दांडा मोडला, तो मी अॅल्युमिनियमचा करून आणला. दाजी खूश. मग मला चेव चढला. इंजिनाच्या तोंडावर फोमचा एअर फिल्टर होता, तो मी काढून टाकला. तेव्हा साताऱ्यातला जो तो मोटारसायकलचा फिल्टर काढून पिकअप वाढवायचा.

"पाव्हणं, धूळ जाईल की आत," दाजी म्हणाले.

"आवं दाजी, मोकळी हवा मिळाली की कसा पळतोय बघा."

पळालाही. दोन आठवडे नुसता भन्नाट.

मग आली खंडेनवमी. अक्काने कोयता, फवारणीचा पंप, मोपेड यांच्याबरोबर ट्रकचीही पूजा केली. हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडून पाणी शिंपडलं. दसऱ्याला दाजींनी सगळ्यांसमोर ट्रक रानात सोडला. दोन फेऱ्यांत तो बंद पडला. सुरू करायची दोरी ओढावी तर सैल, आत दमच उरला नव्हता.

मी अक्कावर खेकसलो, "इंजिन म्हणजे देव्हारा वाटला का तुला? पाणी ओतलंस त्यात!"

"आरं, चार थेंब तर शिपडलं."

"चार थेंबांनीच वाटोळं केलं!"

बघ्यांनी लगेच माना डोलावल्या. हेच आदल्या दिवशी त्या ट्रकपुढे हात जोडून प्रसादाचं खोबरं खात होते. अक्का आत गेली.

इंजिन साताऱ्याला नेऊन खोललं. पिस्टनवर उभे ओरखडे, आणि तेलात कालवलेली रानातली बारीक माती. गंज नव्हता, कुंकवाचा कण नव्हता. लेथवर कितीही नाक वर करून उभा राहिलो तरी असला पिस्टन मला करता येणार नव्हता. बाजारात तर तो नव्हताच. मी इंजिन फडक्यात गुंडाळून परत नेलं आणि दाजींना सांगितलं, "पाण्यानं आतून गंजलंय." ते "बरं" म्हणाले. खुर्ची बांधावरून घरात आली.

पुढच्या खंडेनवमीला मी तिथेच होतो. अक्काने कोयत्याला कुंकू लावलं, पंपाला लावलं. मोपेडपाशी आली आणि थबकली. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी बहीण मला विचारत होती, "आरं, हिला लावलं तर चालंल का? न्हाई तर लांबनंच हात जोडते."



"लाव गं बिनघोर," खुर्चीतून दाजी म्हणाले. "कुंकवानं काय बी हुत न्हाई. इंजिन धुळीनं जातं." माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.