नजर उडते तेव्हा

देवपूरच्या आमच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शन भरलं होतं. पिंपळनेरकडून आलेल्या एक आजी माझ्या प्रयोगाच्या रांगेत शांत उभ्या होत्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मी त्यांना खुर्चीत बसवून त्यांच्या डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवला, तेव्हा त्यांनी पदर कानामागे सारला आणि देवळात बसावं तशा ताठ बसल्या.

आत एक स्वयंपाकघर दिसत होतं. नजर इकडून तिकडे उडाली, की नेमक्या त्या क्षणी फळीवरची निळी बरणी लाल होत होती. बरणी समोर असूनही त्यांना पत्ता लागला नाही.

मी समजावलं, "आजी, बरणीचा रंग बदलला होता. पण नजर उडते तेवढ्यापुरतं कुणालाच नीट दिसत नाही. मलाही नाही."

त्यांनी चष्मा काढून मांडीवर धरला.

"बठ्ठासना डोया आसाच शेतस?"

"सगळ्यांचे."

"मना मालक गयात तवय मी त्यासना तोंडकडेच देखी राहिंतू," त्या म्हणाल्या. "श्वास कवय थांबना, माले समजनंच नही. लोके म्हनेत, समोर बशीसन बी तुले दिसनं नही? ताई, मंग मनी चूक नव्हती ना?"

"नव्हती, आजी."

त्यांनी डोळे मिटले. कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली. डोळ्यांच्या हालचाली मी वर्गात कितीदा शिकवल्या असतील, पण त्या माहितीत कुणाला एवढा विसावा मिळेल, हे कधी मनात आलं नव्हतं. मागे रांग वाढत होती, तरी त्यांना 'उठा' म्हणायला कुणाचंच तोंड उघडलं नाही.