वाक्यातली बाई

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी मी बार्शीजवळच्या आमच्या गावातून सोलापूरला आले आणि एका मुलींच्या शाळेत कारकून म्हणून लागले. राहायला मिळाली एका तेलुगू बाईच्या घरातली पुढची खोली. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. तिचा नवरा टॉवेलच्या मागावर कामाला होता आणि ती स्वतः विड्या वळायची. सकाळचा स्वयंपाक आटोपला की मांडीवर सूप घेऊन ओट्यावर बसायची. शेजारच्या चार-पाच जणीही तिथंच येऊन बसत.

एका संध्याकाळी अक्का कारखान्यात विड्या देऊन आली ती तणतणतच. तपासनिसानं चांगल्या ओंजळभर विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या होत्या. छाट म्हणजे नापास. त्यांची मजुरी मिळायची नाही आणि विड्याही परत द्यायचे नाहीत.

“टाकून देत असतील,” मी म्हणाले.

“टाकतात? विकतात की! माझ्या हातची विडी मला कळत न्हाय काय?”

त्या एका बोलण्यावरून मी अख्खी वही भरली. सिनेमाचं वेड मला लहानपणापासूनचं. जे लिहीन ते मला पडद्यावरच दिसायचं. त्यामुळे मुंबईचे एक निर्माते स्टेशनजवळच्या लॉजवर उतरलेत आणि नव्या मराठी चित्रपटासाठी गोष्ट शोधताहेत अशी पाटी एका टॉकीजबाहेर दिसली, तेव्हा मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि वही घेऊन तिथं गेले.

खोलीत दोघं होते. निर्माते पलंगावर बसलेले आणि त्यांचा पटकथालेखक खुर्चीत. मी वही उघडली आणि वाचायला लागले. पहाट, पाण्याचा नळ, नळावरची भांडणं. दुसरं पान उलटायच्या आत निर्मात्यांनी हात वर केला.

“बाई, एका वाक्यात सांगा.”

“एका वाक्यात कशी सांगणार? साठ पानं आहेत.”

“कोण आहे, तिला काय पाहिजे आणि आडवं काय येतं. एवढंच. एका वाक्यात सांगता येत नाही म्हणजे गोष्ट काय आहे ते तुम्हालाच कळलेलं नाही.”

लेखक खिडकीकडे बघून हसला. निर्माते म्हणाले की ते कोल्हापूरला जाऊन आठ दिवसांनी परत येणार आहेत, तोवर जमलं तर या.

रस्ताभर मी धुमसत होते. माझी गोष्ट मला कळली नाही म्हणतो! पण घरी येऊन वही समोर घेतली आणि कबूल करावं लागलं की तो माणूस अगदीच खोटं बोलला नव्हता. साठ पानांत गल्ली होती, नळ होता, देवीची मिरवणूक होती. मधे कुठंतरी ती बाई हरवली होती. मग मी हट्टालाच पेटले. वाक्य करायचं, आणि असं करायचं की तो हात वर करणार नाही.

पहिलं वाक्य केलं आणि मोठ्या तोऱ्यात ओट्यावर वाचून दाखवलं. “विडी कामगार स्त्रियांच्या खडतर जीवनाचं हृदयद्रावक दर्शन.”

अक्कानं मान वर केली नाही. पान कापता कापता म्हणाली, “हे सिनेमा हाय का भाषण?”

बाकीच्या हसल्या. कुणाचाही हात थांबला नव्हता. ठरलेला आकडा पुरा करायचा म्हणजे या बायका बोलतील, भांडतील, गाणी म्हणतील, पण बोटं चालूच ठेवतील. मला तिथंच सुचलं. यांचे हात थांबवणारं वाक्य लिहायचं. लॉजवरच्या त्या दोघांपेक्षा मला याच बायका जास्त कडक वाटल्या.

दुसऱ्या दिवशीच्या वाक्यात मी बाईचं गाव, तिचं लग्न, सासूचं आजारपण, सगळं कोंबलं. एकजण म्हणाली, “दम लागला ऐकून.” तिसऱ्या दिवशी सासू काढून टाकली. चौथ्या दिवशी नळ आणि मिरवणूक गेली. ती मिरवणूक मी दोन रविवार खपून लिहिली होती, ती काढताना जीव तुटला. पाचव्या दिवशी वाटलं की जमलं. वाक्य होतं, ‘आपल्या छाट ठरवलेल्या विड्या दुकानात विकायला ठेवलेल्या पाहून एक बाई चिडते.’

“चिडून काय करती?” अक्कानं विचारलं. “चिडतो तर आमी रोजच.”

ती काय करते हे मी साठ पानांत लिहिलंच नव्हतं. माझी बाई शेवटी आभाळाकडे बघत उभी राहायची. त्या रात्री मी तिला आभाळाकडे बघू दिलं नाही.

सातव्या दिवशी मी ओट्यावर वाचलं, “नापास म्हणून फुकट काढून घेतलेल्या आपल्याच विड्या दुकानात विकायला आलेल्या पाहून एक विडीवाली त्या घेऊन कारखान्याच्या फाटकात उभी राहते, आणि तिच्या शेजारणींना त्या एका दिवसात ठरवावं लागतं की तिच्या बाजूला उभं राहायचं की खाली मान घालून आत जायचं.”

कात्र्या थांबल्या. एकीच्या हातातलं पान अर्धं वळलेलंच राहिलं. त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मग अक्का म्हणाली, “जा आता. सांग त्यांना.”

आठव्या दिवशी मी लॉजवर गेले. वही नेलीच नाही, फक्त एक कागद नेला. उभ्या उभ्याच वाचलं. निर्मात्यांनी हात वर केला नाही. पलंगावरून उठून त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि स्वतः पुन्हा एकदा वाचला.

“बसा बाई. चहा घ्या. हे चालेल. हे नुसतं ऐकवून मी पैसे उभे करीन.”

खुर्चीतला लेखकसुद्धा सावरून बसला होता. म्हणाला, “फक्त एक बदल. फाटकात बाई उभी राहून चालणार नाही, लोक येणार नाहीत. बाईच्या जागी तिचा भाऊ घ्या. बहिणीवरचा अन्याय पाहून पेटून उठतो. हीरोला काम पाहिजे ना.”

“आणि बाई?”

“बाई घरी. एक चांगलं गाणं देऊ तिला.”

चहाचा कप मी तसाच खाली ठेवला. शाळेत राहून, मुख्याध्यापिकांसमोर बोलून बोलून माझी भाषा चांगली घासूनपुसून घेतली होती मी. त्या घटकेला ती कुठल्या कुठं गेली.

“न्हाय जमणार,” मी म्हणाले.

निर्माते समजुतीच्या सुरात म्हणाले, “बाई, विचार करा. तुम्हाला कोण ओळखतं? पडद्यावर तुमचं नाव येईल.”

“तुमीच सांगितलं होतं, कोण हाय ते पयलं सांगा म्हणून. कोण हाय ते ठरलंय. ती बाई हाय. तिला काढली तर मग ऱ्हातं काय?”

मी हात पुढे केला. क्षणभर वाटलं, कागद देणार नाहीत. दिला. लेखक म्हणाला, “वाक्य तर आता आमच्या ध्यानात राहिलंय.”

“ऱ्हाऊ दे की. भाऊ घालून बघा, उभं ऱ्हातंय का ते.”

मी जिना उतरले. खोटं कशाला सांगू, स्टेशनसमोरच्या बाकावर बसून मी थोडी रडलेही. पण परत जिना चढावासा एकदाही वाटला नाही.

ओट्यावर सगळ्या वाट बघत होत्या. मी घडलेलं सांगितलं. अक्का म्हणाली, “मला भाऊच न्हाय. मग मी काय करायचं होतं?” आणि सगळ्या खो खो हसायला लागल्या. मी पण.

तो चित्रपट आला नाही. पुढे वर्षभर मी नव्या सिनेमांची पोस्टरं धास्तीनं बघत होते, पण भावाची गोष्ट कुणीच काढली नाही. मी मात्र त्या वाक्यावरून नवी वही लिहिली, आणि आम्ही नवरात्रात गल्लीतच नाटक केलं. शाळेचा हॉल मागितला होता, “असले विषय मुलींच्या शाळेत नकोत” म्हणून नाकारला. म्हणून अक्काच्या ओट्याचाच रंगमंच केला. तपासनिसाचं काम अक्कानं केलं, काजळाच्या मिशा काढून. खरा तपासनीस गर्दीत मागं उभा होता. मध्येच निघून गेला.

पुढच्या आठवड्यात कारखान्यात त्यानं अक्काच्या विड्या नेहमीसारख्या बाजूला काढल्या. अक्का जागची हलली नाही. म्हणाली, “छाट हाय ना? मग माझ्यासमोर मोडा.”

मागं रांगेत बायका उभ्या होत्या. त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि एकेक विडी मोडायला घेतली. चार मोडल्या आणि बाकीच्या मुकाट्यानं पास करून टाकल्या. दुसऱ्या दिवशी अक्काच्या मागं उभी असलेली बाईही तेच म्हणाली.