टोपीतलं बी

"तू खुर्चीवर नको बसूस. पाहुण्यांचं पाणी बघ," सर म्हणाले.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. तिसरं वर्ष. त्या दिवशी विद्यापीठात त्यांच्या भाच्याची शेवटची तोंडी परीक्षा होती. कागदावर त्याचे मार्गदर्शक दुसरे, पण सगळी धावपळ सरांची. अशा दिवशी आमच्याकडे जेवण घालायची रीत आहे. शाल, श्रीफळ, पुरीभाजी. घालायचं असतं परीक्षा देणाऱ्यानं. भाच्याचं जेवण माझ्या गळ्यात पडलं.

वांगी आमच्या मेडशीच्या वावरातली. बानं पोतंभर वांग्यांचा कट्टा स्वतः एसटीत चढवून दिला. "सायबाले सांग, आपल्या वावरातले हायेत," म्हणाला. त्याला वाटलं, आज पोरीचंच काही मोठं आहे. मी खरं सांगितलं नाही. लाज वाटली.

वांगी चिरून बोटं काळी झाली होती. बाहेरगावच्या परीक्षकांसमोर पाण्याचा पेला ठेवला तेव्हा त्यांनी विचारलं, "या कोण?"

सर हसले. "घरचीच आहे. भाजीवाल्याची पोरगी. भाजी एक नंबर करते."

संशोधक आहे, एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही. आणि माझ्याही नाही. आज हे लिहिताना त्याचाच जास्त राग येतो. तीनदा उठून पाणी प्यायले. बसवत नाही.

गप्प का राहिले? वहीसाठी. माझा विषय होता, भाजीपाला पिकवणाऱ्या घरांतल्या बाया बियाणं कसं राखतात. दोन वर्षं आसेगाव, जऊळका, कुठं कुठं फिरले. चुलीपुढं बसले, बांधावर बसले, लिहून घेतलं. ती वही सरांनी "तपासायला" म्हणून घेतली आणि कपाटात ठेवली. आठ महिने. विचारलं की "बघतो." वर दर सहा महिन्यांनी प्रगती अहवालावर त्यांची सही लागते. सही नाही तर नोंदणी धोक्यात. मग मी त्यांच्याकडच्या पाहुण्यांना चहा दिला, त्यांच्या पेपरांच्या गुणांची बेरीज केली, त्यांच्या लेकीच्या साखरपुड्यात ताटं उचलली. अडला हरी, दुसरं काय.

परीक्षा सुरू झाली. मी भिंतीला टेकून, हातात पाण्याचा जग. भाचा पडद्यावरचं वाचू लागला. वाक्यं ओळखीची वाटली. आधी वाटलं, भास असेल. मग तो म्हणाला, "या परिसरात भोपळ्याचे बी पतीच्या जुन्या टोपीत बांधून ठेवण्याची लोकश्रद्धा आढळते. त्यामुळे पीक आणि संसार दोन्ही टिकतात, असे मानले जाते."

"फार सुंदर," परीक्षक म्हणाले.

मी भिंतीपासून सरळ झाले. कारण ही लोकश्रद्धा बिद्धा काही नव्हती. ती थट्टा होती. माझी.

आसेगावच्या शेवंता काकूला वाटलं होतं, मी सर्वे करणारी कोणी बाई आहे. मी गंभीर तोंड करून विचारलं, बी कुठं ठेवता? ती म्हणाली, "नवऱ्याच्या टोपीत. मंग बियाणंबी घरातच राह्यते अन् नवराबी." बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि मी शहाणी ते लिहून घेत होते. पुढे ओळख वाढली. एकदा काकूनं भिंतीवर थापलेली शेणाची गोवरी फोडून आत राखलेलं बी दाखवलं. "टोपीत कोन ठेवते, येडे," म्हणाली. तेव्हा वही सरांच्या कपाटात होती. चूक खोडायची राहून गेली.

म्हणजे ही चूक जगात एकाच ठिकाणी होती. माझ्या अक्षरात.

अध्यक्षांनी विचारलं, "सभागृहातून कोणाला प्रश्न?" परीक्षा खुली असते. हॉलमधल्या कोणालाही विचारता येतं, असा नियम आहे. सहसा कोणी विचारत नाही, सगळ्यांचं लक्ष पुऱ्यांकडे.

मी जग खाली ठेवला. "मला विचारायचंय."

"अगं, तू जेवणाचं बघ," सर म्हणाले.

"टोपीची माहिती कोणी दिली? गाव कोणतं?"

भाच्यानं पानं चाळली. मामाकडे पाहिलं. "एका शेतकऱ्यानं," म्हणाला.

"शेतकऱ्यानं नाही. आसेगावच्या शेवंता काकूनं. आणि तिनं माझी थट्टा केली होती. ते माझ्या वहीत आहे. वही सरांच्या कपाटात आहे. मला ती परत पाहिजे."

या वेळी वाक्य पूर्ण केलं.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. अध्यक्ष म्हणाले, "हे नंतर बघू." नंतर कोणी बघितलं नाही. भाच्याला पदवी द्यावी अशी शिफारस झाली. टाळ्या झाल्या. आमच्या वावरातल्या वांग्यांची भाजी सगळ्यांनी दोनदा घेतली. मी वाढली नाही.

दारात सरांनी गाठलं. "तुझ्या अहवालावर माझी सही आता विसर. बापासोबत बाजारात बस."

"बसीन," मी म्हणाले. "वही घेऊन."

घरी जाऊन बाला सगळं सांगितलं. त्यानं मी परत आणलेल्या रिकाम्या कट्ट्याची सुतळी बोटाला गुंडाळली. मग म्हणाला, "मले पयलेच काहून नाही सांगतलं? एक वांगं देलं नसतं."

मी लेखी तक्रार दिली. त्याची पोच घेतली. मार्गदर्शक बदलून मागितला. शेवंता काकूला विचारलं, सांगायला येशील का? "येतो न. टोपीबी घेऊन येतो. पाहू दे त्याइले," म्हणाली. विद्यापीठातून फोन आला, आपसात मिटवून घ्या, तुमच्याच करिअरचा प्रश्न आहे. मी नाही म्हणाले.

नोंदणी जाईल कदाचित. गेली तर पुन्हा पहिल्यापासून, त्याच गावांत, त्याच बायांकडे, आणि या वेळी प्रत्येकीचं नाव तिनं सांगितलेल्या गोष्टीपुढं लिहून. चहा नाही, ताटं नाही, वांगी नाही. वही मिळेपर्यंत दर सोमवारी विभागात जाणार आहे. आणि गेल्या गेल्या आधी खुर्ची ओढून बसणार आहे.