पंचाक्षरीने सोडलेली बियर

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा अहमदपुरात पेढे वाटले गेले. किराणा दुकानदार सिद्रामप्पांना वाटलं, आता आपला पंचाक्षरी नव्या कचेरीत चिकटणार. पोरगं नुकतंच बी.एस्सी. झालं होतं. पण कचेरीतल्या जागा भलत्यांनाच मिळाल्या आणि पंचाक्षरी नांदेडबाहेरच्या एका बियरच्या कारखान्यात लागला. घर लिंगायतांचं, दारूचं नावसुद्धा हळू आवाजात घेणारं. सिद्रामप्पा रागावले नाहीत. कुणी विचारलं की एवढंच म्हणत, "नांदेडला हाय, कंपनीत."

पंचाक्षरीला मात्र त्या कामाचा लळा लागला. मोड आणून भाजलेला सातू उकळताना सुटणारा गोडसर वास, टाकीत खमीर चढलं की आतून ऐकू येणारी बारीक सळसळ, यात त्याची उमर गेली. बियर चाखणं कामातच होतं. तो चाखायचा, थुंकायचा आणि चूळ भरायचा. इतक्या वर्षांत एक घोट गळ्याखाली उतरला नाही, हे बापाला सांगावं असं त्याला फार वाटे. पण विषय काढायचा कसा, इथंच गाडी अडायची.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या दुष्काळात तो सुट्टी काढून घरी गेला. गल्लीत टँकरपुढं घागरींची रांग लागली होती. सिद्रामप्पांनी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि शांतपणे विचारलं, "तुमच्या कारखान्याला पाणी पुरतं का रे?"

"हाव, पुरतं."

बाप रांगेतली घागर पुढं सरकवायला गेला. पंचाक्षरीनं तो तांब्या कसाबसा संपवला. त्यानंतर त्याच्या अहमदपूरच्या खेपाच कमी झाल्या. बायको, उमादेवी, कारण विचारी. तो ड्यूटीचं निमित्त सांगे.

मग कोरोना आला, तोही ऐन हंगामात. उन्हाळा म्हणजे लग्नसराई, हळदीच्या रात्री, बर्फात बुडवलेल्या बाटल्या. हदगावचा केरबा बारवाला दरसाली पाडव्याच्या आधीच माल भरून ठेवी. त्या हिशेबानं कारखान्यातल्या सगळ्या टाक्या काठोकाठ होत्या. एका संध्याकाळी टाळेबंदी लागली, बार बंद झाले, भरलेले ट्रक फाटकातच उभे राहिले. विलायती दारू वर्षभर ठेवली तरी तिला काही होत नाही. बियरचं तसं नाही, ती शिळी होते. थोडे दिवस नुसती ती थंड ठेवण्यावर वीज जाळली. शेवटी वरून हुकूम आला, एक्साईजच्या साहेबासमोर सगळी गटारात सोडून द्या.

त्याच सकाळी धाकट्या बहिणीचा, जगदेवीचा फोन आला. अप्पांनी अन्न सोडलंय, तुझं नाव काढून राहिलेत, जमेल तसा निघ, असं ती म्हणाली. मॅनेजर अण्णारावांना कळलं तेव्हा ते म्हणाले की तू जा, पास मी काढून देतो, टाक्या सोडायला दुसरा माणूस बघतो. इतकं सोपं होतं. पण पंचाक्षरी म्हणाला, "एवढं उरकतो साहेब, मग जातो." आपण चढवलेली बियर परक्या हातानं गटारात जाऊ नये, एवढंच तेव्हा त्याच्या मनात होतं. अप्पा याआधीही दोनदा असे अंथरुणाला खिळून उठले होते. याही वेळी उठतील, असं तो धरून चालला.

टाक्या रिकाम्या व्हायला तिसरा दिवस उजाडला. सांडपाण्याच्या हौदावर कमरेइतका फेस चढला, तो भिंतीवरून पलीकडं सांडला. आंबूस वासानं डोकं धरलं. एक्साईजचे साहेब तोंडाला रुमाल बांधून सावलीत बसले होते. फाटकावरचा सटवाजी हौदाच्या कडेला येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ह्येच्यात किती पाणी गेलं आसंल, न्हाई का? आमचं गाव उन्हाळाभर पेलं आसतं." पंचाक्षरी व्हॉल्व्हवरचा हात न काढता उभा राहिला.

शेवटची टाकी सोडून तो मोटरसायकलवर निघाला. माळाकोळीच्या पुढं, जिल्ह्याच्या शिवेवर पोलिसांनी अडवलं. पास नांदेड जिल्ह्यापुरताच होता. पलीकडं लातूर जिल्हा, तिथला हुकूम निराळा. फोनाफोनी सुरू झाली. तो लिंबाच्या सावलीत बसून राहिला. तिथंच जगदेवीचा फोन आला. अप्पा पहाटेच गेले होते. तुला गाडी चालवत यायचंय, आधीच कसं सांगावं, म्हणून ती थांबली होती. पोलीस माणसं जमू देत नव्हते, तेव्हा मठातल्या स्वामींनी दुपारीच समाधी द्यायला लावली.

पोलिसांनी सोडलं तेव्हा ऊन उतरलं होतं. तो थेट स्मशानभूमीत गेला. ओल्या मातीवर बेलाची पानं होती. जवळ कुणी नव्हतं.

घरी जगदेवी ओसरीवर बसली होती. त्यानं विचारलं, "अप्पा काय म्हणत व्हते?"

तिनं सरकून त्याला जागा दिली. मग म्हणाली, "तुझीच काळजी. टीव्हीवर बघितलं, दारूचे कारखाने बंद पडले म्हणून. मला इचारत व्हते, आता आपला पंचाक्षरी काय करंल? ह्या उमरीत त्येला दुसरं काम कोण देईल? म्हणे, त्येला सांग, दुकान हाय."

पंचाक्षरीला वाटत आलं होतं की बापाच्या मनात आपल्याबद्दल लाज आहे. ती असेलही. पण शेवटी बाप त्याच कारखान्याची चिंता करत गेला.

पुढं दुकानं उघडली तेव्हा रांगा लागल्या त्या कडक दारूला. थंड पिऊन घसा धरला तर लोक कोरोना म्हणतील, या भीतीनं बियरला कुणी हात लावेना. केरबानं बार बंद करून गाळा मोबाइलवाल्याला भाड्यानं दिला. कारखाना हळूहळू पुन्हा चालू झाला, पण पंचाक्षरीचं मन टाक्यांपाशी लागेना. निवृत्तीचं वय व्हायच्या आधीच त्यानं काम सोडलं आणि उमादेवीला घेऊन अहमदपूरला आला.

आता तो दुकानात बसतो. गिऱ्हाइकं चेष्टेनं बियरचं विचारतात, तो सातूचं, खमिराचं मन लावून सांगतो. पण दुपारी दुकान निवांत असलं की एखाद्या दिवशी तो उमादेवीला म्हणतो, "त्या टाक्या दुसऱ्या कुणी सोडल्या असत्या, तर काय बिघडलं असतं?"

उमादेवी निवडत असलेली डाळ सुपात तशीच ठेवते आणि त्याच्या शेजारी येऊन बसते.